संडासाची गळती : आधी माग काढा, मग फरशी फोडा

पावसाळा संपून दोन महिने झाले आणि छतावरचा ओला डाग अजून सुकलेला नाही, तर तो डाग पावसाचा नाही. घरातले कुठले तरी पाणी तिथे पोचते आहे. छताच्या वर किंवा भिंतीच्या पलीकडे संडास असेल, तर बहुधा ते संडासाचे पाणी आहे. आता प्रश्न इतकाच, की संडासातले कोणते पाणी? नळाचे, फ्लशच्या टाकीचे, भांड्यातले की फरशीवर सांडलेले? ही चार पाणी वेगळी आहेत. त्यांच्या वाटा वेगळ्या, दुरुस्ती वेगळी आणि त्यांच्यापासून होणारे आजारही वेगळे. या पानावर आपण जुलाब, कावीळ, टायफॉइड यांवर बोलतो, पण त्या आजारांचे मूळ पुष्कळदा अशा एखाद्या न भरलेल्या जोडात असते. म्हणून या वेळी थोडे प्लंबरचे काम शिकू.

एक घडलेली गोष्ट आधी सांगते. आमच्या वस्तीच्या जागी पुनर्वसनाची इमारत झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात संडासाच्या छतातून पाणी ठिबकायला लागले. वर चौथ्या मजल्यावर आपल्यातल्याच एक मावशी, मुलगा, सून आणि नातू असे राहतात. खालच्या ताई वर गेल्या. पहिल्या दिवशी नीट बोलल्या. दुसऱ्या खेपेला आवाज चढला. तिसऱ्या खेपेला जिन्यात चार माणसांसमोर म्हणाल्या, "तुम्हाला फ्लॅटमध्ये राहायची सवयच नाही. बादल्याच्या बादल्या ओतता. तुमच्या लोकांना संडास वापरता येत नाही." "तुमच्या लोकांना" म्हणजे कोणाला, हे जिन्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना कळले.

मावशींनी त्या दिवसापासून घरातल्यांना संडासात पाणी टाकायची धास्ती घातली. नातवाला मोजून एक तांब्या. सून पोटुशी होती, ती रात्री पाणी कमी प्यायची, म्हणजे उठायला नको. ठिबकणे मात्र थांबले नाही. पाणी कमी टाकल्याने भांडे नीट धुतले जाईना, घाण अडकायला लागली, माश्या वाढल्या. गळती एका जोडाची होती आणि शिक्षा भोगत होती ती पोटुशी बाई. या घराकडे पुढे परत येऊ.

आधी आरोग्याचे. संडासातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हिपॅटायटिस ए आणि ई या काविळीचे विषाणू, टायफॉइडचे आणि पटकीचे जंतू, जंतांची अंडी असू शकतात. छतातून ते पाणी अंगावर पडले की ओंगळ वाटते, पण खरा धोका असतो ते पाणी पिण्याच्या पाण्याला भेटते तिथे. आपल्याकडे नळाला दिवसातून तासभर, दोन तास पाणी येते. पाणी चालू असते तेव्हा पाईपमध्ये दाब असतो, त्यामुळे फटीतून पाणी बाहेर फेकले जाते. पाणी बंद झाले की पाईप रिकामा होतो आणि त्याच फटीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. मग दुसऱ्या दिवशी नळ सुटला की पहिल्या दोन हंड्यांत ती घाण घरात येते. नळाचा पाईप गटारातून किंवा संडासाच्या पाईपाला चिकटून गेलेला असेल आणि दोघांनाही फट असेल, तर हे रोज घडू शकते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हाही पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याचीच चर्चा झाली. हिपॅटायटिस ई साध्या माणसाला काही आठवडे लोळवतो आणि बहुधा बरा होतो, पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेततो. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर झाडपाल्यात एक दिवसही घालवू नका. सरळ दवाखाना गाठा.

गळतीचा माग काढून साथीचे मूळ सापडल्याचे एक उदाहरण फार जुने आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेच्या वर माणसे गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर मांडून दाखवले, की ही माणसे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाचे पाणी पीत होती. पण त्या विहिरीत घाण आली कुठून? तिथल्या चर्चचे हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे म्हणणे आधी पटले नव्हते. ते घरोघर विचारत फिरले, तेव्हा पंपासमोरच्या ४० नंबरच्या घरातले तान्हे बाळ साथीच्या सुरुवातीलाच जुलाबांनी गेल्याचे कळले. आईने बाळाची दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले होते. खड्डा उकरून पाहिला, तर त्याच्या विटांचे सांधे सुटलेले होते आणि विहीर तिथून तीन फुटांच्याही आत होती. त्या बाईचा यात काय दोष? खड्डा ज्याने बांधला आणि ज्याने कधी तपासला नाही, त्याचा होता.

आता आपल्या घरचा संडास. शोधाचा एकच नियम आहे. एका वेळी एकच पाणी सोडायचे आणि थांबायचे. सगळे एकदम तपासले की काहीच कळत नाही, आणि नेमके तेच होते. मेस्त्री येतो, छताकडे बघतो, "वॉटरप्रूफिंग करावे लागेल" म्हणतो आणि फरशी फोडतो. हजारो रुपये जातात आणि गळती तशीच, कारण ती फरशीतून नव्हतीच.

पहिल्या दिवशी फक्त पाहायचे. ओल्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेजवळ तारीख लिहा. ठिबकत असेल तर खाली भांडे ठेवा. मुलांच्या जुन्या वहीत लिहा, की किती वाजता ठिबकते, किती वाजता थांबते, त्या वेळी वर कोणी आंघोळ केली, कोणी संडासला गेले, नळाला पाणी कधी होते. ही वही दोन-तीन दिवस लिहिली की अर्धा शोध लागतो. दिवसरात्र एकसारखे ठिबकत असेल, तर संशय टाकीच्या दाबाच्या पाण्यावर, म्हणजे नळाच्या पाईपावर. फक्त नळाला पाणी आल्यावर ठिबकत असेल तर तोच संशय पक्का. संडास वापरल्यावर ठिबकत असेल तर भांडे किंवा त्याखालचा ट्रॅप. आंघोळ किंवा धुणे झाल्यावर ठिबकत असेल तर फरशी किंवा नहाणीचा ट्रॅप.

पण इथे एक फसगत आहे, ती नीट समजून घ्या. इमारतीतला संडास बहुधा खोलगट स्लॅबवर बांधतात. त्या खळग्यात पाईप टाकून विटांचे तुकडे आणि माल भरतात आणि वर फरशी बसवतात. हा भराव स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. वरच्यांनी संडास वापरणे बंद केले तरी भरावातले साठलेले पाणी दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त ठिबकत राहते. त्यामुळे "आम्ही काल दिवसभर पाणी टाकले नाही तरी गळते, म्हणजे आमचे नाहीच" हे म्हणणे टिकत नाही. पाणी भरावातून उताराकडे सरकते आणि स्लॅबला जिथे बारीक तडा असेल तिथून खाली येते. म्हणून "डाग बरोबर तुमच्या भांड्याखाली आहे" हेही टिकत नाही. डाग फक्त पाणी बाहेर कुठे पडते ते दाखवतो, आत कुठे शिरते ते दाखवत नाही. भांडणे होतात ती हे न कळल्यामुळे.

तपासाला हात लावण्यापूर्वी विजेकडे बघा. ओल आलेल्या भिंतीत स्विच, दिव्याचा होल्डर किंवा गिझरचा पॉइंट असेल, तर तिथली वीज मेन स्विचवरून बंद करा. ओल्या भिंतीला हात लागून झिणझिण्या आल्या, तर गळती बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.

सुरुवात चांगल्या पाण्यापासून करायची, कारण ते तपासणे सोपे. नळ, अँगल कॉक, टाकीला जाणारा बारीक कनेक्शन पाईप, त्याचे दोन्ही नट, सगळे कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा आणि अर्धा तास थांबा. ओला झालेला कागद जोडाचे नाव सांगतो. पाणी वरून खाली ओघळते, म्हणून ओल्या कागदांपैकी सगळ्यात वरचा कागद बघायचा. खालचे कागद त्याच्यामुळेच भिजलेले असतात. नट सैल असेल तर जरा आवळा, पण जोर लावू नका, प्लॅस्टिकचा नट चिरतो. वायसर झिजला असेल तर बदला. जोड उघडलाच आहे तर टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवा.

पाईप भिंतीत गाडलेला असेल तर तो पुसता येत नाही. त्यासाठी रात्रीची परीक्षा. घरातली पाण्याची टाकी भरा, आत पाण्याच्या पातळीला खूण करा, सगळे नळ बंद करा आणि रात्रभर कोणी पाणी वापरू नका. सकाळी पातळी उतरली असेल तर पाणी कुठे तरी गेले. दुसऱ्या रात्री संडासाकडे जाणारा कॉक बंद करून हेच करा. या वेळी पातळी उतरली नाही, तर दोष त्या कॉकच्या पुढच्या पाईपात किंवा फ्लशच्या टाकीत आहे. टाकी सामाईक असेल तर ही परीक्षा जमणार नाही. मग आपल्या घराचा मुख्य कॉक दोन-तीन दिवस फक्त भरण्यापुरता उघडायचा, एरवी बंद ठेवायचा आणि डाग बघायचा.

फ्लशची टाकी असेल तर तिची तपासणी सर्वांत सोपी, आणि मुलांना आवडते. पांढऱ्या कपड्यांसाठी आपल्या घरात पातळ नीळ असतेच. टाकीचे झाकण काढून दोन चमचे नीळ आत टाका. अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळे पाणी उतरले तर टाकीच्या तळाचा रबर झिजला आहे किंवा त्याखाली क्षार धरले आहेत. निळे पाणी भांड्यात न येता बाहेर भिंतीवर, टाकीच्या बोल्टखाली किंवा भांड्याच्या मागच्या फ्लश पाईपाच्या रबरापाशी दिसले, तर गळती तिथे आहे. टाकी भरल्यावरही पाण्याचा आवाज थांबत नसेल तर बॉल कॉक बिघडला असण्याची शक्यता जास्त. ही गळती खालच्या घरात जातेच असे नाही, पण पाणी वाया जाते. किती जाते ते मोजता येते. ठिबकणाऱ्या जागी २०० मिलिलिटरचा पेला धरा. तो १० मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला जवळजवळ २९ लिटर पाणी गेले. ज्या घरात पाणी हंड्याने मोजतात तिथे हे एका माणसाच्या आंघोळीचे पाणी आहे.

आता भांडे आणि ट्रॅप. ट्रॅप म्हणजे भांड्याखालचा वाकडा पाईप. त्यात नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि ते पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवते. रात्री शेवटचा माणूस जाऊन आल्यावर एक बादली पाणी हळूहळू भांड्यात ओता, फरशीवर थेंब सांडू देऊ नका. भांड्यात पाणी जिथे स्थिरावते तिथे खडूने खूण करा. सकाळी पाणी खूणेच्या खाली गेले असेल आणि वासही येत असेल, तर ट्रॅपला चीर असू शकते. पाईपाला हवेची नळी नसली तर वरच्या मजल्याच्या फ्लशच्या जोराने ट्रॅपमधले पाणी ओढले जाते, त्यानेही पातळी उतरते. तेव्हा एका रात्रीवर निकाल देऊ नका, तीन रात्री बघा. ट्रॅप ठीक असेल तर भांड्यात निळीचे पाणी ओतून, फरशी अगदी कोरडी ठेवून, खालचा डाग दोन-तीन दिवस बघायचा.

शेवटी फरशी. नहाणीच्या जाळीवर ओली वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बसवा आणि फरशीवर बोटाच्या दोन पेरांइतके पाणी साठवा. उंबरा तेवढा उंच हवा, आणि भांड्याच्या काठावरून पाणी आत जाणार नाही एवढेच भरा. पातळीला खडूची खूण करा आणि तीन-चार तास थांबा. पातळी उतरली तर पाणी फरशीच्या सांध्यांतून, भिंतीच्या कोपऱ्यातून किंवा भांड्याच्या कडेने मुरते आहे. पातळी तशीच राहिली, मग पिशवी काढून पाणी जाऊ दिले आणि त्यानंतर खाली ठिबकायला लागले, तर फरशी निर्दोष. दोष नहाणीच्या ट्रॅपचा किंवा त्याच्या पाईपाचा. वेगवेगळ्या पाण्याला वेगवेगळा रंग दिला तर काम आणखी सोपे होते. भांड्याला नीळ, फरशीला जिलेबीचा खाण्याचा रंग. फक्त एक ध्यानात ठेवा. खाली रंग दिसला तर तो पुरावा. रंग दिसला नाही तर तो पुरावा नाही, कारण भरावात आणि सिमेंटमध्ये रंग गाळला जाऊ शकतो.

फरशीचे सांधे का जातात, याचे मोठे कारण आपणच बाटलीतून विकत आणतो. संडास पांढराशुभ्र दिसावा म्हणून दर आठवड्याला ॲसिड ओतले जाते. ॲसिड डाग खाते, तसेच सांध्यातले व्हाइट सिमेंटही खाते. वर्षभरात सांधे पोकळ होतात. साधी साबणाची भुकटी आणि ब्रश पुरे. आणि ॲसिड व ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद संडासात त्याने माणूस गुदमरतो.

आता त्या चौथ्या मजल्याकडे. मी मावशींच्या सुनेला घेऊन बसले आणि याच क्रमाने सगळे केले. वही लिहिली. नळाचे जोड कोरडे निघाले. भांड्यात निळीचे पाणी ओतून तीन दिवस थांबलो, खाली काही नाही. मग जाळी बंद करून फरशीवर केशरी पाणी साठवले. चार तास खूण हलली नाही. पिशवी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या ताईच मोबाइलवर फोटो काढून वर आल्या. त्यांच्या छताच्या कोपऱ्यात केशरी थेंब होता. नहाणीच्या जागी फोडून पाहिले, तेव्हा ट्रॅप पाईपावर नुसता टेकवलेला होता. जोड भरलेलाच नव्हता. बांधतानाच तसा सोडलेला. बादल्या मोजून टाका नाही तर ओतून टाका, तो गळणारच होता. मग त्याच उभ्या ओळीतल्या इतर घरांत जाळी बंद करून पाहिले, तर आणखी दोन घरांत तोच प्रकार. त्यामुळे सोसायटीला एकत्र अर्ज करता आला आणि त्यावर सही करणाऱ्यांत तिसऱ्या मजल्याच्या ताईही होत्या. जिन्यातल्या बोलण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मावशींनीही विचारले नाही. मला मात्र ते विचारायला हवे होते असे अजून वाटते.

बैठ्या घरांत प्रश्न वेगळा असतो. तिथे संडास बहुधा सेप्टिक टँकवर असतो आणि ओल भिंतीच्या पायथ्याला येते. टाकी भरून तुंबली की पाणी उलटे चढते आणि सगळ्यात खालच्या जोडातून बाहेर येते. म्हणजे जोड गळतो खरा, पण रोग टाकीत आहे. चेंबरचे झाकण उघडले तर लांब उभे राहा, तिथे विडी-काडी पेटवू नका, आत साठलेला वायू पेट घेतो. आणि टाकीत कोणालाही उतरवू नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइड वायूने माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू जास्त असला की नाकच बधिर होते. म्हणून "आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही" या बोलण्यावर माणसे मेली आहेत. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो नियम घरमालकालाही लागू आहे, नुसता नगरपालिकेला नाही. अशा मृत्यूंत वारसांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. टाकीत उतरणारा पोरगा कोणत्या वस्तीतून येतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पाचशे रुपये स्वस्त पडतात म्हणून आपल्याच दारात त्याला बोलावू नका. उपसा करणारी गाडी मागवा, आणि तिची नळी पोचत नसेल तर वस्तीने मिळून तशी मागणी लेखी करा.

गळती सापडेपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळून घ्या. नळ सुटल्यावर पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका, ते संडास धुवायला ठेवा. पाण्याला वास किंवा गढूळपणा असेल तर आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या पाणी खात्यात नमुना तपासायला सांगा आणि अर्जाची पोच घ्या. तपासाच्या वेळी घाण पाण्यात हात घालावा लागला तर प्लॅस्टिकची पिशवी तरी हाताला बांधा, आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा.

दुरुस्ती झाल्यावर लगेच छताला रंग देऊ नका. फरशी बसवण्याआधी त्या जोडातून रंगीत पाणी सोडून दोन दिवस खाली बघा आणि मगच मेस्त्रीचे पूर्ण पैसे द्या. पेन्सिलीची जुनी रेघ राहू द्या. डाग तिच्या आत आत सरकत गेला पाहिजे. भरावातले पाणी आटायला महिना-दीड महिना लागतो, तोवर पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. डाग पूर्ण सुकला की पोपडे खरवडा आणि मग चुना मारा.